दीड एकर बाग, चार यंत्रं आणि एक खार : द्राक्ष हंगाम 2024-25 च्या नोंदी

बाग तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गच्या अलीकडे. दीड एकर थॉमसन जातीची द्राक्षं, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, वाय आकाराची ताटी, नऊ बाय पाच फुटांवर वेली. हलकी मुरमाड जमीन, एक विहीर, एक अस्तराचं शेततळं. चार-पाच वर्षांपूर्वी बागेत दयाळ, शिंपी, पिंगळा असायचे. अलीकडे सकाळी फवारणीचा ब्लोअर सोडला तर कशाचाच आवाज येत नाही, असं आबा म्हणाले. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. बागेत काय जगतंय ते यंत्रांनी मोजायचं आणि त्यावरून कुठली फवारणी टाळता येते ते बघायचं. कुणाला असंच करायचं असेल तर माझे पैसे जिथे बुडाले तिथे त्यांचे बुडू नयेत, म्हणून या नोंदी.

22 सप्टेंबर 2024

सामान आलं. ऑडिओमॉथ नावाचा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा आवाज-रेकॉर्डर, घरपोच 9,200. तीन पेन्सिल सेलवर चालतो, आत मेमरी कार्ड. 32 जीबीची दोन कार्डं 900. पान ओलं आहे की कोरडं ते सांगणारे दोन सेन्सर, त्यांची नोंद ठेवणारा ईएसपी32 हा छोटा संगणकी बोर्ड, सोलर प्लेट आणि बॅटरी मिळून 3,400, हे सोलापुरातून. बागेतून घरापर्यंत माहिती पाठवायला लोरा मॉड्यूलची जोडी, 1,100.

ती जोडी पहिल्याच दिवशी बाद. आपल्याकडे विनापरवाना लोरा वापरायचा पट्टा 865 ते 868 मेगाहर्ट्झ, मी 433 चे उचलून आणले. दुकानदाराने विचारलं नाही, मी वाचलं नाही. लोराचा नाद तिथेच सोडला. कार्डावर साठवायचं आणि रोज संध्याकाळी मोबाईल घेऊन खांबापाशी जायचं ठरवलं. बागेत रोज जाणं होतंच, मग हवेतून माहिती पाठवायची हौस कशाला, हा प्रश्न खरेदीआधी पडायला हवा होता.

29 सप्टेंबर

रेकॉर्डर चौथ्या ओळीत ताटीच्या लोखंडी अँगलला बांधला. पाऊस लागू नये म्हणून झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. दर दहा मिनिटांतलं एक मिनिट रेकॉर्ड. आठवड्याचे आवाज लॅपटॉपवर बर्डनेटमध्ये टाकले. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि जर्मनीतलं केम्निट्झ तांत्रिक विद्यापीठ यांनी केलेली ही फुकट प्रणाली. आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कुठला पक्षी आहे ते सांगते आणि किती खात्री आहे तो आकडा देते.

यादीत 140 पक्षी निघाले. मी हरखून चुलतभावाला फोन केला. नंतर नावं वाचली तर त्यात अमेरिकेतले सुतार आणि युरोपातल्या बागांमधले पक्षी. अक्षांश-रेखांश भरायची जागा मी रिकामी सोडली होती, त्यामुळे तिने जगभरातल्या पक्ष्यांत शोधलं. जागा आणि आठवडा भरून परत चालवलं : 31. खात्रीचा आकडा 0.7 च्या खालचं सगळं काढलं : 19. त्यातलेही तीन मी स्वतः ऐकून बाद केले. 140 वरून 16.

2 ऑक्टोबर

त्या सोळांत एक शिकारी पक्षी होता, अख्ख्या यादीत सगळ्यात जास्त वेळा. खात्रीही भरपूर, 0.9 च्या वर. बागेत शिकारी पक्षी म्हणजे काय सांगावं! वेळा काढून बघितल्या. दुपारी बारा, पहाटे तीन, रात्री अकरा, कधीही. आणि तेही ठरावीक अंतराने.

पहाटे तीनला घड्याळ लावून ओरडणारा ससाणा कुठला? संध्याकाळी बांधावर गेलो तेव्हा उलगडा झाला. चुलतभावाने मक्याला पोपट नकोत म्हणून भोंगा लावलाय. त्यात ससाण्याची किंकाळी, मग बंदुकीचा बार, मग कुत्रं. यंत्र खोटं बोललं नव्हतं, आवाज ससाण्याचाच होता.

त्याला म्हटलं, रात्री तरी बंद कर, पोपट रात्री येत नाहीत. तो म्हणाला, "रात्री डुकरं येतेत की." कुत्र्याचा आवाज त्यासाठी. तोडगा असा निघाला : ससाणा दिवसा, कुत्रं रात्री.

8 ऑक्टोबर

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. माणसं चौदा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी.

नवरात्र सुरू आहे. तुळजापूरला पायी निघालेल्या भाविकांची रांग रस्त्याने रात्रंदिवस, सोबत गाड्यांवर स्पीकर. आठवडाभराचे आवाज यादीसाठी निकामी झाले. ही कुरकुर नाही. मोजणीचं वेळापत्रक कोजागिरीनंतर धरायचं, एवढंच लिहून ठेवतोय.

11 ऑक्टोबर

ही नोंद लांबणार आहे.

दुपारी एक फाईल सहज लावली आणि त्यात आक्कांचा आवाज आला. आक्का आमच्या टोळीच्या मुकादम, वीस वर्षं आमच्या बागेत कामाला येतात. छाटणी करता करता सुनेबद्दल बोलत होत्या. मी लगेच बंद केलं, पण कानावर पडायचं ते पडलं. पक्ष्यांसाठी लावलेल्या पेटीने चौदा बायामाणसांचं दिवसभराचं बोलणं भरून घेतलं होतं, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी हजेरीच्या वेळी सगळ्यांना पेटी दाखवून सांगितलं. आक्का म्हणाल्या, "म्हंजी आमचं बोलणं भरून घ्यायलाव व्हय?" मग थोड्या वेळाने, "काय काय आलंय त्यात?" मी म्हटलं, ऐकलं नाही, पुसून टाकतो. विश्वास बसला नसावा. त्यांच्यासमोरच कार्ड पुसलं. त्यात नऊ दिवसांचे आवाज गेले, जाऊ देत.

तेव्हापासून रेकॉर्डर फक्त पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते आठ. टोळी आठला येते, साडेपाचला जाते. पक्ष्यांच्या दृष्टीनेही पहाटच कामाची. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आणि यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, आधी माणसांना सांगून.

24 ऑक्टोबर

पानं दोन-तीन. ओलाव्याचा सेन्सर रोज 18-19 तास ओलं दाखवतोय. पान इतका वेळ ओलं म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाला आमंत्रणच, म्हणून या आठवड्यात दोन जादा फवारण्या घेतल्या. डिझेल, औषध, मजुरी धरून एक साधारण 2,300 ला पडते.

आज दुपारी दोनला उन्हात उभा राहून मोबाईल बघितला : ओलं. पानाला बोट लावलं : खडखडीत. सेन्सरला बोट लावलं तर निळसर पांढरा थर. छाटणीनंतरची बोर्डो त्याच्यावरही बसली होती. चुना आणि मोरचूद दव धरून ठेवतो, आणि थर ओलसर असला की वीज वाहते. म्हणजे 4,600 रुपये मी माझ्याच बोर्डोच्या भीतीने खर्च केले.

लिंबू चोळून, साध्या पाण्याने धुऊन, पुसून घेतला. आता नियम असा की फवारणीला निघताना सेन्सरवर पिशवी चढवायची, परत आल्यावर काढायची. पिशवी काढायला विसरलं तर तो दिवसभर कोरडं दाखवतो, तेही करून झालंय.

दुसरा सेन्सर गंजून गेला. पट्ट्यांतून सतत वीज सोडली की त्यांतलं तांबं झिजतं. आता दर दहा मिनिटांनी क्षणभर वीज, वाचन, लगेच बंद. प्रोग्राममध्ये दोन ओळींचा बदल होता, शोधायला चार रात्री गेल्या.

6 नोव्हेंबर

सलग पाच पहाटे सहा वाजता टिश्यू पेपर घेऊन बागेत. पान टिपून बघायचं, सेन्सरचा आकडा लिहायचा. कुठल्या आकड्याला ओलं म्हणायचं ते त्यावरून ठरवलं. कंपनीने दिलेला आकडा आमच्या दवाला लागू पडत नव्हता. महसूल मंडळाचं महावेध हवामान केंद्र आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे. पाऊस तिथला चालतो, पण शेततळ्याकाठचं दव तिथून कळणार नाही.

14 नोव्हेंबर

आता वटवाघळं. किडे खाणारी लहान वाघळं जो आवाज काढतात तो आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत. हाच रेकॉर्डर 384 किलोहर्ट्झपर्यंत नमुने घेतो, म्हणजे पकडू शकतो. पण एका मिनिटाला 46 एमबी. 32 जीबीचं कार्ड साडेअकरा तासांत भरतं. मी सगळी रात्र लावून झोपलो, सकाळी सात वाजता कार्ड फुल, सेल उतरलेले. आता फक्त दिवस मावळल्यापासून दीड तास.

चित्र स्पष्ट आलं. शेततळ्याच्या कडेला आणि त्याला लागून असलेल्या तीन ओळींत सव्वासहा ते सव्वासात एवढ्या फेऱ्या की लॅपटॉपवर रेघाच रेघा. बागेच्या मधल्या भागात जवळपास शून्य. आणि याच वेळेला, वारा पडतो म्हणून, आम्ही वर्षानुवर्षं कीटकनाशकाचा ब्लोअर काढत आलोय. तळ्याकडच्या ओळींपासून सुरुवात करून.

इथून पुढे कीटकनाशक पहाटे. गडी नाराज आहे, थंडी वाजते म्हणतो. त्याचं खरं आहे, शाल आणि पन्नास रुपये जादा.

मणी खाणारी मोठी वाघळं वेगळी. ती मुख्यतः नजरेने आणि वासाने फळ शोधतात, त्यांची हजेरी या पद्धतीत भरवशाने लागत नाही. त्यामुळे 'वाघळं आली म्हणजे नुकसान' असं या रेघांवरून कुणी ठरवू नये.

19 नोव्हेंबर

दोडा, फुलोरा. द्राक्षाचं परागीभवन आपलं आपण होतं, मधमाशी लागत नाही. त्यामुळेच द्राक्षवाला मधमाशीची फिकीर करत नाही, मीही केली नव्हती. पण आमच्या बोदांवरच्या, म्हणजे वेलींच्या वरंब्यांवरच्या, गवताला फुलं आहेत आणि त्यावर माश्या आहेत. यंदा फवारणीच्या आदल्या संध्याकाळी फुलातलं गवत कापतो, तेही एकाआड एक ओळीत. पलीकडे कांद्याचं बियाणं करणारे आहेत, त्यांचं सगळं माशीवर चालतं.

24 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर

पिठ्या ढेकूण म्हणजे वेलीचा रस शोषणारी पांढरी कीड. ती खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे आणले, वाहतुकीसह 1,600. लाल डोकं, काळी पाठ, मसुरीच्या दाण्याएवढे. संध्याकाळी ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, सोडले. त्याआधी खोडाला चिकट पट्टी मारली, कारण ढेकणातून निघणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकतात.

चूक एक : पिवळे चिकट सापळे तसेच ठेवले. चार दिवसांनी त्यांच्यावर माझेच भुंगेरे, सोबत क्रायसोपा हे किडी खाणारे हिरवे मित्रकीटक. पैसे देऊन आणायचे आणि सापळा लावून मारायचे. पिवळे उतरवले, फुलकिड्यांसाठी निळे तेवढे ठेवले, तेही एकरी चार.

चूक दोन मोठी. 6 डिसेंबरला विरळणी सुरू होती. आक्का खूश होऊन सांगायला आल्या, "मालक, ढेकूण लई झालाय, आमी चिरडून टाकलाव समदा." मी गेलो. क्रिप्टोलिमसची अळी पांढऱ्या मेणाच्या दशांनी झाकलेली असते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. आक्कांच्या टोळीने पाच ओळींतल्या अळ्या निवडून मारल्या होत्या. त्यांचं काय चुकलं? ढेकूण दिसला की चिरडा, हे मीच दोन वर्षं सांगत आलोय.

मोबाईलला लावायचं भिंग घेऊन फोटो काढला, तुळजापूरला मोठे छापून आणले आणि दर दहाव्या अँगलला लावले. पण फोटोपेक्षा काचेची बाटली कामी आली. एकीत ढेकूण, एकीत अळी. आक्कांनी बघून आपली खूण काढली : "पळती ती आपली, बसती ती ढेकूण." अळी मोठी असते, दशा लांब आणि हलवली की तुरुतुरु चालते. आता टोळीतली नवी पोरगीसुद्धा ओळखते.

27 डिसेंबर

दुपारी ढग, संध्याकाळी पाऊस. सेन्सरने सलग सात तास ओलं दाखवलं, टिश्यूही तेच म्हणाला. सकाळी फवारणी. या हंगामात यंत्राचं ऐकून केलेली आणि बरोबर ठरलेली पहिली फवारणी.

त्यानंतरच्या आठवड्यात दव दोन-अडीच तासच, पानं लवकर सुकली. नेहमीच्या कॅलेंडरप्रमाणे फवारणीचा एक हात मारायचा होता, तो टाळला. तीन रात्री नीट झोप लागली नाही. केवडा आला नाही. भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगाचं मात्र यातून कळत नाही, ती ओल्या पानावर अवलंबून नाही. त्यासाठी पानं उलटून बघणं सुटत नाही.

9 जानेवारी 2025

मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी पिकू लागले. जाळी टाकली, कडा जमिनीपर्यंत सोडून दगड ठेवले. भोरड्या आणि बुलबुल यांच्यासाठी बंदोबस्त.

12 जानेवारी

सकाळी जाळीच्या काठात धामण अडकलेली, सहा फुटी. सोबत दोन बुलबुल, एक मेलेला. ट्रॅप कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा (6,800), त्याच कोपऱ्याकडे तोंड करून होता, त्यात धामण आत शिरताना दिसते. मग पहाटेपर्यंत तीच, त्याच जागी. ते फोटो बघवले नाहीत.

गडी आणि मी मिळून कात्रीने जाळी कापली. आबांनी धामणीच्या डोक्यावर पोतं धरलं होतं. सुटली आणि गेली. सकाळचे दोन तास आणि आठ फूट जाळी. बागेतले उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात, ते खाणारं जनावर मी फाशी दिल्यासारखं बांधलं होतं.

बदल : जाळी जमिनीपासून दीड फूट वर घेतली आणि घडांच्या खालून तारेला ताणून बांधली, झोळीसारखी. सैल जाळीत पाखरू गुंततं, ताणलेल्यावरून उडून जातं. बांधायला चार माणसांचा एक दिवस जास्त लागला. शिवाय सकाळ-संध्याकाळ एक फेरी, हातात कात्री. कडेच्या ओळींना चमकी पट्ट्या, 700 च्या. त्यानंतर हंगामभरात एकच बुलबुल अडकला, जिवंत सुटला.

30 जानेवारी

घुबडाची पेटी राहिलीच लिहायची. ऑक्टोबरात सुताराकडून करून घेतली, 1,450, बांधावरच्या कडुनिंबाला टांगली. गव्हाणी घुबड येईल, उंदीर खाईल असा बेत. आजी म्हणाली होती, घुबडाला घर बांधणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. घुबड आलं नाही. खार आली. चुलतभावाच्या रानातला कापूस आणून पेटी गच्च भरली.

पिंगळा मात्र कॅमेऱ्यात दिसू लागलाय, आठवड्यातून तीन-चारदा, पेटीच्या पुढच्या अँगलवर. एका फोटोत तोंडात उंदराचं पिल्लू.

16 फेब्रुवारी ते 2 मार्च

तोडणी. टनेज गेल्या वर्षाइतकंच, भावाबद्दल इथे लिहीत नाही.

फवारणीची वही काढली. गेल्या हंगामात गोडी छाटणी ते तोडणी 38, यंदा 31. त्यांतली कीटकनाशकं 9 वरून 5. सगळं श्रेय यंत्रांना देता येणार नाही, दोन्ही वर्षांचं हवामान सारखं नव्हतं, आणि ऑक्टोबरातल्या दोन फुकटच्या फवारण्या त्याच यंत्राने करवल्या. पक्षी वाढले का, हेही सांगता येत नाही. 'आधी' किती होते ते मोजलेलंच नाही. नऊ दिवसांचं कार्ड पुसलं, नवरात्रातलं निकामी गेलं, उरलं ते कोजागिरीनंतरचं. कुणी करणार असेल तर खरड छाटणीपासूनच, म्हणजे एप्रिलातल्या छाटणीपासूनच, रेकॉर्डर लावा.

एकूण खर्च 25,150. त्यात 1,100 लोराचे बुडीत. जादा फवारण्यांचे 4,600 आणि कापलेली जाळी वेगळी. परत करायचं तर रेकॉर्डर एखाद्या गटात मिळून घेईन, चार बागांत आठवडा-आठवडा फिरवता येतो. कॅमेरा उसना मिळाला तर उसना. ओलाव्याचा सेन्सर आणि भुंगेरे मात्र स्वतःचे.

21 मार्च

जाळी उतरवून धुतली, गुंडाळली. सेल काढले, नाहीतर उन्हाळ्यात फुटून पेटी खराब करतात. घुबडाची पेटी साफ करायला चढलो तर आत कापसाच्या गादीत तीन पिल्लं, आणि गादीत मधोमध माझ्या चमकी पट्टीचे तुकडे विणलेले. झाकण लावून उतरलो. घुबडासाठी दुसरी पेटी विहिरीकडच्या चिंचेला, यावेळी आणखी उंच.

6 एप्रिलला खरड छाटणी. त्याच्या आधी आठ दिवस रेकॉर्डर लावायचा आहे. मी विसरेन म्हणून आक्कांना सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं, आमी यायच्या आधी बंद हुतंय न्हवं? होतं म्हटलं. मग म्हणाल्या, एक दिस चालू ठिवा, जात्यावरची गाणी म्हणतो, ती घ्या भरून.